स्टिअरिंग हाती येण्यापूर्वीचा हिशेब

एका संध्याकाळी आम्ही ऑफिसातून घरी आलो, चपला काढतो न काढतो तोच हुडकेश्वरच्या आमच्या वस्तीतील एक माउली दाराशी उभी. चार घरची धुणीभांडी करून तिने दोन लेकरे वाढविली. मुठीत कागदाची पुडी, पुडीत कानातले. म्हणाली, ‘‘भाऊ, पोट्ट्याले ट्रक शिकाचा हाय म्हन्ते. हे मोडू का नोको, तेवढं सांगा. तुमी आफिसात हिशेब करता, आमचाबी करून द्या.’’

मुलगा विशीचा, बारावी शिकलेला, हार्डवेअरच्या दुकानात महिना 9,000 रुपयांवर. धाकटी बहीण अकरावी सायन्सला. आम्ही वही काढली.

ट्रकची ओढ आपल्या पोरांना का, हे नागपूरकरांना सांगायला नको. श्रीनगर-कन्याकुमारी 44 नंबरचा आणि सुरतेकडून पारादीपला जाणारा 53 नंबरचा, असे दोन मोठे महामार्ग आपल्या शहरात मिळतात. जुनी माणसे त्यांना अजून 7 नंबर आणि 6 नंबर म्हणतात. वाडीची गोदामे, कळमन्याचा बाजार, बुटीबोरीचे कारखाने, सगळीकडे ट्रकच ट्रक. काम आहे, यात शंका नाही. पण त्या कामापर्यंत पोचायला काय लागते?

आधी कायदा पाहू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडी चालवायला वय 20 पूर्ण हवे. जड वाहनाचे लर्निंग मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचे लायसन निदान वर्षभर जवळ असावे लागते. लर्निंग मिळाल्यावर 30 दिवस थांबायचे, मग परीक्षा. डॉक्टरचा दाखला आणि मोटार शाळेचे प्रमाणपत्र वेगळे. हे लायसन पाच वर्षे चालते, पुढे नूतनीकरण. पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019 साली निघाली.

आता वहीतले आकडे. मोटार शाळेने 12,000 सांगितले. दाखले, फॉर्म, फी, हेलपाटे मिळून 3,000. अंथरूण, मच्छरदाणी, बूट, डबा यांचे 2,000. एकूण 17,000. माउलीला वाटले, संपला हिशेब!

आम्ही म्हणालो, ‘‘बाई, खरा खर्च तर पुढेच आहे.’’ नवे लायसन दाखविले म्हणून कुणी मालक बारा टायरची गाडी हाती देत नाही. आधी क्लीनर व्हायचे. टायर ठोकून पाहायचे, ताडपत्री बांधायची, उस्तादाचा चहा आणायचा, रात्री गाडीखाली झोपून माल राखायचा. एका मालकाने त्याला महिना 5,000 आणि रस्त्यावरचे जेवण कबूल केले होते. म्हणजे घरात दरमहा 4,000 कमी. दीड वर्ष धरले तर 72,000! कानातले मोडून 17,000 उभे राहतील, हे 72,000 कोठून येणार? माउली खाली पाहू लागली. बहिणीच्या शिकवणीकडे बोट जाणार, हे तिलाही कळले आणि आम्हालाही.

पैशात न बसणारा खर्च आणखी निराळा. नागपूरच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून पाहावे! 2025 साली नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना थंड केबिन सक्तीची झाली, पण नवख्याच्या वाट्याला जुनीच गाडी येते. झोप मोडते, कंबर धरते. झोप मारायला कुणी खर्रा देतो, कुणी बाटली. घरी आजारपण असो की लग्न, गाडी तिसऱ्याच राज्यात. बाबासाहेब मजूर खाते सांभाळत असताना 1946 साली कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. ट्रकवाल्यासाठीही 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. पण रस्त्यावर घड्याळ कोण पाहतो?

मग ट्रकवर जाऊच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. आमच्याही तोंडी आधी तेच आले होते, ‘‘त्यापेक्षा बी.कॉम. कर.’’ पोरगा शांतपणे म्हणाला, ‘‘काका, बी.कॉम. करून मी कोनच्या आफिसात बसू?’’ यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मेहनतीच्या कामाला कमी लेखण्याची खोड आपण टेबलावर बसणाऱ्यांनीही सोडली पाहिजे.

अखेर तोड निघाली. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला की, हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याला एकूण वजन साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालविता येते. पोराचे हलके लायसन वर्षापूर्वीचेच होते, वयही 20 पूर्ण. तो कळमन्यातून माल नेणाऱ्या एका छोट्या गाडीवर पगारी ड्रायव्हर लागला. पगार दुकानाएवढाच, पण हात बसू लागला, रात्री घरी येऊ लागला. दरमहा थोडे बाजूला टाकून जड वाहनाची फी तो स्वतः भरणार आहे.

ज्यांच्या घरी असा विचार चालू आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे:

1. फीबरोबर बिनकमाईचे महिनेही मोजा. तेवढे दिवस चूल कशावर पेटेल, हे आधी ठरवा.

2. पगार, भत्ता, सुट्टी मालकाशी आधी बोला. लायसनची मूळ प्रत कुणाकडे गहाण ठेवू नका.

3. हात बसण्याआधी हप्त्यावर ट्रक घेऊ नका. गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही. कर्ज हवेच असेल तर दलाल टाळून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात स्वतः चौकशी करा.

4. डोळ्यांवर झापड आली की गाडी बाजूला घ्या. उशीर झाला तर मालक रागावेल, जीव गेला तर घर बसेल.

5. एकाच्या स्टिअरिंगसाठी दुसऱ्याचे पुस्तक विकू नका.

ती पुडी आम्ही त्या संध्याकाळी तशीच परत केली. कानातले माउलीच्या कानात आहे आणि पोरीची शिकवणी चालू आहे. पोरगा म्हणतो, ‘‘काका, पुढच्या वर्सी हेवी काढतो.’’ अवश्य काढ बाबा. वही आमच्याकडे आहे, तुझे पान कोरे ठेवले आहे.