वेगवान पंखा आणि वळसंगची हवा

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या कोरड्या पठारी प्रदेशात आहे आणि मे महिन्यात या भागातील दुपारचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जाणे ही नित्याची बाब आहे. अशा हवेत चालणाऱ्या संगणकाला थंड ठेवण्याचे काम ज्या वेगवान पंख्यावर सोपवलेले असते, त्याचा विचार बहुधा त्याच्या आवाजाच्या तक्रारीपुरताच होतो. वास्तविक त्या पंख्याला किती हवा, किती तापलेली आणि किती अडथळ्यांतून ढकलावी लागत आहे, हे तो आवाजच सांगत असतो. तो नीट ऐकला तर वेग वाढवण्याऐवजी अन्य उपाय करता येतात, आणि ते बहुतेक वेळा स्वस्तही असतात.

या यंत्राचे टोकाचे रूप पाहायचे तर रॅकमध्ये बसणारा चपटा सर्व्हर उघडावा लागतो. रॅकमधील एका कप्प्याची उंची पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर असते, त्यामुळे त्यात ४० मिलिमीटरपेक्षा मोठा पंखा सहसा बसत नाही. चौकट ४० मिलिमीटरची आणि खोली मात्र ५६ मिलिमीटरची, असा एक प्रकार या कामासाठी सर्रास वापरला जातो. त्यात एकामागे एक अशी दोन पातेचक्रे असतात आणि ती परस्परविरुद्ध दिशांना फिरतात, कारण पहिल्या चक्रातून बाहेर पडणारी हवा पुढे जाता जाता स्वतःभोवती गरगरत असते आणि त्या गरगरण्यात वाया जाणारी ऊर्जा दुसरे चक्र उलट फिरून दाबाच्या रूपाने परत मिळवते. मोटार ब्रशविरहित असते. फिरत्या भागाच्या आत चुंबकाचे कडे, मध्यभागी तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि कोणत्या वेटोळ्यातून केव्हा वीज सोडायची हे ठरवणारी छोटी सर्किट पट्टी. मिनिटाला पंधरा ते पंचवीस हजार फेरे हा या वर्गातील पंख्यांचा नेहमीचा वेग आहे, तर घरातील संगणकात बसणारा १२० मिलिमीटरचा पंखा साधारण १२०० ते १५०० फेऱ्यांवर समाधानी असतो.

पंखा लहान असो वा अवाढव्य, त्याच्या वागण्याचे नियम एकच असतात. वळसंगच्याच तालुक्यात, फताटेवाडी येथे, एनटीपीसीचे ६६० मेगावॅटच्या दोन संचांचे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथील बॉयलरला हवा पुरवणारे आणि धूर ओढून घेणारे महाकाय पंखे ज्या सूत्रांनी निवडले जातात, त्याच सूत्रांनी तळहातावर मावणारा संगणकाचा पंखाही चालतो. फेऱ्यांचा वेग दुप्पट केला की वायुप्रवाह दुप्पट होतो, दाब चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी वीज मात्र आठपट होते. आवाजाचा हिशेब याहून कडक आहे. वायुगतिकीय आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते, त्यामुळे वेग दुप्पट केल्यास आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. डेसिबल हे लघुगणकी माप आहे आणि १० डेसिबलची वाढ मानवी कानाला जवळपास दुप्पट मोठी वाटते. हाच नियम उलट बाजूने वाचला तर तो दिलासा देणारा आहे: वेग केवळ २० टक्क्यांनी कमी केल्यास प्रवाह एक पंचमांशच घटतो, पण वीज जवळजवळ निम्म्यावर येते आणि आवाज पाच डेसिबलने उतरतो.

लहान पंखा एवढा कर्कश का असतो, याचे उत्तरही याच नियमांत आहे. एकाच घडणीच्या पंख्यांत वायुप्रवाह हा वेग आणि व्यासाचा घन यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, म्हणून १२० मिलिमीटरचा पंखा १००० फेऱ्यांवर जेवढी हवा देतो, तेवढीच हवा तत्त्वतः ४० मिलिमीटरच्या पंख्याकडून घ्यायची तर त्याला २७,००० फेरे घालावे लागतील. मोठ्या पंख्याच्या पात्याचे टोक त्या वेळी सेकंदाला सुमारे सव्वासहा मीटर वेगाने सरकत असेल आणि छोट्याचे छप्पन्न मीटर वेगाने. शिवाय त्याचा स्वर उंच असतो. पात्यांची संख्या आणि सेकंदाचे फेरे यांचा गुणाकार म्हणजे पंख्याच्या मुख्य सुराची वारंवारिता. सात पात्यांचा पंखा १५०० फेऱ्यांवर १७५ हर्ट्झचा घुमणारा स्वर देतो, तर २१,००० फेऱ्यांवर तोच स्वर २४५० हर्ट्झवर जातो, आणि मानवी कान नेमका २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो. म्हणूनच मापकावर सारखा आकडा दाखवणाऱ्या दोन पंख्यांपैकी एक सुसह्य वाटतो आणि दुसरा डोके उठवतो.

खरेदीच्या वेळी मात्र माहितीपत्रकावरचा सर्वांत मोठा आकडा पाहिला जातो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. कमाल वायुप्रवाह हा समोर कोणताही अडथळा नसताना मोजलेला असतो आणि कमाल दाब हा हवा पूर्ण कोंडलेली असताना. प्रत्यक्षात पंखा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी काम करतो. पेटीची जाळी, गाळणी, उष्णता शोषणाऱ्या हीटसिंकच्या दाट पट्ट्या आणि आतील वायरींचा गुंता मिळून जो अवरोध तयार होतो, तो प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि या अवरोधाची रेषा वरील दोन टोकांना जोडणाऱ्या पंख्याच्या वैशिष्ट्यरेषेला जेथे छेदते तो त्या पंख्याचा कार्यबिंदू होय. अवरोध फार झाला तर हवा पात्यांच्या पाठीला चिकटून वाहण्याऐवजी सुटी होते. मग प्रवाह पडतो आणि घरघर वाढते. हवा आत येण्याच्या बाजूला पात्यांलगत बसवलेली पत्र्याची जाळी विशेष त्रासदायक ठरते, कारण तिच्यामागे तयार होणारे भोवरे प्रत्येक पाते कापत जाते. तीच जाळी थोडी दूर सरकवली किंवा तिच्या जागी बारीक तारेची गोल जाळी लावली, तर वेगाला हात न लावता आवाज कमी होतो. पंख्यांच्या कामगिरीत हवेची वाट पंख्याइतकीच महत्त्वाची आहे, ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात.

वळसंगच्या उन्हाळ्यात हे गणित आणखी आवळले जाते. समुद्रसपाटीवर २० अंशांना एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो भरते. ४५० मीटर उंचीवर आणि ४२ अंशांना ते १.०६ किलोच्या आसपास येते, म्हणजे तेवढेच फेरे घालून पंखा सुमारे १२ टक्के कमी वजनाची हवा हलवतो. मोठा फटका मात्र तापमानाचा असतो. चिपला ८५ अंशांपलीकडे जाऊ द्यायचे नाही असे धरले, तर २५ अंशांच्या खोलीत उष्णता वाहून नेण्यासाठी ६० अंशांचा फरक हाताशी असतो, तर ४२ अंशांच्या खोलीत तो ४३ अंशांवर येतो. तेवढेच काम करून घ्यायचे तर हवा निदान ४० टक्के अधिक हवी, आणि केवळ वेग वाढवून ती मिळवायची झाल्यास वीज पावणेतीनपट आणि आवाज सात डेसिबलहून अधिक वाढतो. मे महिन्यात ‘मशीन ओरडायला लागले’ अशी जी तक्रार दुरुस्तीवाल्याकडे येते, तिच्यात बहुतेकदा पंख्याचा दोष नसतो. त्याला नियंत्रित करणारे सर्किट आपले काम चोख करत असते.

सोलापूर हा चादरी आणि टॉवेलांचा प्रदेश असल्याने येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. यंत्रमागांच्या शेडजवळ ठेवलेल्या संगणकाची पेटी उघडली तर साधी धूळ नव्हे, तर कापसाच्या तंतूंची जाड करडी लव हीटसिंकवर घट्ट बसलेली आढळते. पंख्याखालच्या पट्ट्यांचा वरचा थर तिने गोधडीसारखा झाकून टाकलेला असतो आणि पात्यांच्या पुढच्या कडांवरही तिची किनार चढलेली असते. असा पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो, आवाजही पूर्ण करतो, परंतु हवा पुढे जातच नाही. त्यात मागांच्या खडखडाटात, जो अनेकदा ९० डेसिबलची मर्यादा ओलांडतो, बेअरिंगची घरघर कोणालाच ऐकू येत नाही आणि पंखा जाम झाल्याचे यंत्र बंद पडल्यावरच कळते. अशा जागी कानावर विसंबणे व्यर्थ असते. चार तारांच्या पंख्यातील एक तार प्रत्येक फेऱ्यामागे दोन स्पंदने पाठवते, त्यावरून संगणक स्वतःच वेग मोजत असतो. तो आकडा पडद्यावर पाहण्याची आणि वेग घसरताच इशारा मिळण्याची व्यवस्था करणे हाच खरा उपाय. सफाईसाठी ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा हवेच्या झोताने पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खराब होते.

आवाजाचा प्रश्न सोयीपुरता नाही. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. १२० मिलिमीटर व्यासाचा व ३८ मिलिमीटर जाडीचा एक शक्तिशाली पंखा पूर्ण वेगात एक मीटर अंतरावर ६० डेसिबलपर्यंत सहज जातो, आणि असे आठ पंखे एकत्र आले की त्यात आणखी नऊ डेसिबलची भर पडते. तीव्र आवाजाच्या कंपनांनी फिरत्या हार्ड डिस्कचे शीर्ष आपल्या रेषेवरून ढळते आणि वाचन-लेखन मंदावते, हेही सिद्ध झालेले आहे. पंख्याला पर्यायही आहे: पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात चिपलगत द्रव खेळवून उष्णता काढली जाते, कारण तेवढ्याच घनफळाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता वाहून नेते. गावातील सेवा केंद्राला, शाळेच्या संगणक कक्षाला किंवा मागमालकाच्या कार्यालयाला तो मार्ग परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही.

त्यांनी यंत्र भिंतीपासून हातभर पुढे ओढावे, शक्य तेथे ४० मिलिमीटरच्या अनेक पंख्यांऐवजी १२० मिलिमीटरचे एक-दोन पंखे बसणारी पेटी घ्यावी, एप्रिल लागण्यापूर्वी हीटसिंक झाडून घ्यावे, आणि एवढे करूनही तापमान उतरत नसेल तरच अधिक वेगाचा पंखा विकत आणावा.