चाकांच्या गावात एक रविवार

पनवेल हे एके काळी चाकांचे गाव होते. इंग्रजी अमदानीतील सरकारी गॅझेटियरात गाडीची चाके घडविणे हा येथील मुख्य धंदा म्हणून नमूद केलेला आहे. आणि देशावरून घाट उतरून आलेला गाडीवान परतताना येथून चाकांची एक जोडी बरोबर नेतो, ही बारीकशी गोष्ट साऱ्याच्या आणि जमाबंदीच्या आकड्यांत बुडालेल्या त्या लेखकालाही टिपून ठेवावीशी वाटली. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८५२ साली येथे नगरपालिका आली, आणि १८६३ साली आगगाडी कर्जतच्या अंगाने घाट चढून जाऊ लागेपर्यंत मुंबईच्या खाडीचा आणि पुण्याच्या घाटाचा सांधा याच गावाने सांभाळला. त्या सुतारांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत. पण गेल्या पौषातील एका रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर काही हौशी मंडळी आपल्या जुन्या मोटारी आणि एकदोन ट्रॅक्टर घेऊन जमणार आहेत असे कानी आले, तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती त्यांचीच.

मोटारींशी माझा परिचय बेताचा. मिस्त्रींशी मात्र जुना. माझी स्कूटर तीस वर्षे त्यांच्याच हाताखाली होती. म्हणून मैदानावर थेट न जाता पहाटे सहाच्या सुमारास मी गाढी नदीकाठच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसलो. कारण सजून उभे राहिलेले यंत्र आणि उठविले जात असलेले यंत्र यांत मला नेहमीच दुसरे अधिक बघण्याजोगे वाटत आलेले आहे.

शेडमध्ये उभा होता तो लाल रंग विटून विटेसारखा झालेला बी-२७५ ट्रॅक्टर. महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून १९६३ साली जो ट्रॅक्टरचा कारखाना काढला, त्यातून बाहेर पडलेली ही जात : चार सिलिंडर, डिझेलवर चालणारे इंजिन, सुमारे ३५ अश्वशक्ती, आणि बसायला आपल्या आजोबांच्या पितळी परातीसारखे दिसणारे लोखंडी आसन. मिस्त्रींनी आदल्या दिवशी टाकी धुऊन नवा फिल्टर घातला होता. साहजिकच डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती, आणि ती बाहेर काढल्यावाचून इंजिन चालू होणे शक्य नव्हते. या कामाला सगळ्या गॅरेजांत 'एअर काढणे' म्हणतात, आणि ते शिकवून येत नाही असेही म्हणतात.

त्यामागचे कारण मिस्त्रींनी मला विडी शिलगावता शिलगावता समजावून दिले. डिझेल दाबले तरी दबत नाही. हवा मात्र दबते. पंप मागून रेटा देतो तो नळीभर उभ्या असलेल्या डिझेलमधून जसाच्या तसा नोझलपर्यंत पोहोचला, तरच नोझलच्या आतली स्प्रिंग मागे हटते आणि धुक्यासारखा फवारा सिलिंडरात शिरतो. या रेट्याची मात्रा वातावरणाच्या दाबाच्या शंभर पटींहूनही अधिक असते. वाटेत हवेचा एवढासा बुडबुडा राहिला, तर सारा रेटा त्या बुडबुड्याला आवळण्यातच खर्ची पडतो आणि नोझलला त्याची खबरही लागत नाही. "साहेब, तलाठ्याकडे अर्ज द्यावा आणि तो मामलेदारापर्यंत जाऊच नये, तसं," मिस्त्री म्हणाले. हे स्पष्टीकरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला सापडले नसते.

मग त्यांनी विडी दूर टाकली, हात चिंधीला पुसले, आणि फिल्टरच्या डोक्यावरचा लहानसा स्क्रू दोन आटे सैल करून ते पंपाची छोटी दांडी अंगठ्याने हळूहळू वरखाली करू लागले. प्रथम नुसताच फुसफुस आवाज आला. मग स्क्रूच्या कडेने ताकावर यावा तसा पांढरट फेस आला. फेसातून मोठे बुडबुडे, मोठ्यांमागून मोहरीएवढे, आणि बऱ्याच वेळाने, मी कंटाळून बाहेरच्या कावळ्यांकडे पाहू लागलो असताना, स्क्रूखालून डिझेलची एक अखंड, काचेसारखी स्वच्छ धार ओघळली. धार वाहती असतानाच त्यांनी स्क्रू आवळला. थांबून आवळला तर हवा पुन्हा आत शिरते. हाच विधी पंपावरच्या स्क्रूपाशी झाला. नंतर चारही नोझलांवर येणाऱ्या पोलादी नळ्यांचे नट पान्याने अर्धे सैल करून त्यांनी ट्रॅक्टरच्या मालकांना सेल्फ मारायला सांगितले, आणि स्वतः मान कलती करून, डोळे मिटून, दाराबाहेरचे कोणीतरी ओळखीचे बोलणे ऐकावे तसे ऐकत राहिले. एकेका नटापाशी डिझेल पिचकारले की तो नट आवळायचा. चौथा नट आवळल्यावर आतून 'कर्र' असा, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, अगदी बारीक आवाज आला. "बोललं," मिस्त्री म्हणाले. पुढच्याच क्षणी पांढऱ्या धुराचा लोट पत्र्याला जाऊन भिडला, आणि चार सिलिंडरांचा तो जड, संथ ठेका सबंध शेडमध्ये घुमू लागला. मालकांनी खिशातून झेंडूचा हार काढून बॉनेटवर चढविला आणि चाकासमोर नारळ फोडला.

मैदानावर पोहोचेपर्यंत ऊन वर आले होते. मंडप नव्हता, ध्वनिक्षेपक नव्हता, आणि कोणा पुढाऱ्याचे भाषणही नव्हते, हे मी आयोजकांचे मोठेच उपकार समजतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या दोन फियाट होत्या, त्यांत एक १९५०च्या दशकातली ती वाटोळ्या नाकाडाची, जिला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे अस्सल नाव ठेवले. एक जीप, एक जुनी अँबॅसेडर, आणि सर्वांपासून जरासे अंतर राखून उभी असलेली, १९२८ सालची म्हणून सांगितली गेलेली, काळी फोर्ड. या शास्त्रातले कर्मठ लोक १९३० अखेरपर्यंतच्याच मोटारीला 'व्हिंटेज' म्हणू देतात. त्या सोवळ्याने पाहता मैदानावर व्हिंटेज अशी ती एकटीच. आपल्या सरकारचे सोवळे थोडे सैल आहे : २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे उलटलेली खाजगी गाडी २०,००० रुपये भरून व्हिंटेज म्हणून नोंदविता येते, तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि त्या बदल्यात तिने प्रदर्शनाखेरीज, रॅलीखेरीज वा दुरुस्तीखेरीज रोजच्या कामासाठी रस्त्यावर यायचे नसते. म्हणजे पेन्शन मिळाली, पण कचेरीत पाऊल टाकण्याची मनाई.

फोर्डच्या मालकांनी हँडल मारून दाखविले, ते पाहण्यासारखे होते. प्रथम चक्राखालची डावी दांडी त्यांनी पार वर ढकलली. तिने ठिणगी उशिरा पडते, आणि उशिरा पडली नाही तर इंजिन उलटे फिरून हँडल माघारी झटका देते. मग पुढे वाकून त्यांनी हँडल धरले ते अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून. मूठ वळली नाही. मुठीत वळलेला अंगठा त्या झटक्यात सापडला की मोडतो, आणि त्या काळच्या ड्रायव्हरांपैकी कित्येकांचे अंगठे अशाने मोडले. मैदानावरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. तोही सर्वांना अंगठ्यासारखाच वाटतो. एका खट्याळ पोराने ते बोलून दाखविले, आणि मालकांना हसू आवरेना. हँडल त्यांना पुन्हा पहिल्यापासून मारावे लागले. तिसऱ्या हिसक्याला मोटार सुरू झाली. चारही बाजूंनी मोबाइल वर झाले.

मोटारींच्या काचेवर 'कृपया हात लावू नये' अशा पाट्या होत्या. ट्रॅक्टरवर तशी पाटी नव्हती. त्यामुळे दुपारपर्यंत गावातील निम्मी मुले त्याच्या लोखंडी आसनावर बसून उतरली होती आणि हार बराच विस्कटला होता. त्याचे मालक, सत्तरीला आलेले आगरी गृहस्थ, मडगार्डला टेकून उभे होते. वडिलांनी तो सेकंडहँड घेतला, भाताच्या चिखलणीसाठी. मागच्या रबरी चाकांच्या जागी लोखंडी पिंजऱ्याची चाके चढवायची आणि आषाढात गुडघाभर पाण्यातून दिवसभर फिरवायचा. पुढे सिडको आली, ठाणे-उरण-पनवेल मिळून ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन झाल्या, आणि त्यांचे खाचर कोणत्यातरी सेक्टरात जिरले. "सातबाऱ्यावरनं नाव गेलं," काका म्हणाले, "आर. सी. बुकावर राहिलं." पिंजऱ्याची चाके भंगारात घालवली का, असे मी विचारले, तेव्हा ती अजून पडवीत आहेत, त्यांवर घेवड्याचा वेल सोडला आहे, असे कळले.

तिसऱ्या प्रहरी एक मोटार उन्हाने अडून बसली. कितीही सेल्फ मारला तरी हूं म्हणेना. इंजिनाला खेटून बसलेला पेट्रोलपंप तापला की पेट्रोलची आतल्या आत वाफ होते, आणि वाफ ढकलणे पंपाला साधत नाही. सभोवती बॅटरी, कॉइल, पॉइंट यांवर तज्ज्ञांचे वाद रंगले होते. मिस्त्रींनी एक शब्दही न बोलता आपला पंचा घागरीत बुडवून पंपावर ठेवला, आणि पंच्यातून वाफ निघणे थांबेपर्यंत शेजारी उकिडवे बसून राहिले. "सकाळी हवा, दुपारी वाफ," ते मला हळूच म्हणाले. दहा मिनिटांनी मोटार चालू झाली, आणि तज्ज्ञांनी आपापला पक्ष सिद्ध झाल्याचे जाहीर केले.

पाचच्या सुमारास मोटारी पांगल्या. फोर्ड तर ट्रकवर चढून, ताडपत्री पांघरून, बांधून घेऊन गेली. ट्रॅक्टर मात्र मिस्त्रींना आणि मला मडगार्डांवर बसवून आपल्याच चाकांनी निघाला. उरण नाक्याच्या पुढे, एका उंच अर्धवट इमारतीच्या पायथ्याशी, पाण्याचा टँकर दांडा टेकून उभा होता. सकाळी तो तेथेच सोडून काका आले होते. मुकादम घड्याळ दाखवीत होता. काकांनी ट्रॅक्टर मागे घेत घेत दांडा अचूक जुळविला, मिस्त्रींनी उतरून खीळ भोकात टाकली आणि टाचेने ठोकली. बॉनेटवरचा हार काढायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. टँकरमधून दर खड्ड्याला थोडे पाणी सांडत होते, आणि झेंडूच्या पाकळ्या ओल्या रस्त्यावर वळणापर्यंत पडत गेल्या.