विसाव्याची आज्ञा व आजचे काम

दहा आज्ञांतील शब्बाथाची आज्ञा पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी आढळते, आणि तिची कारणे भिन्न आहेत. निर्गम २० मध्ये उत्पन्नकर्त्याच्या विसाव्याचे कारण आहे. अनुवाद ५ मध्ये मिसरातील दास्याच्या स्मरणाचे. विटांचा नेमलेला आकडा भरताना ज्यांना उसंत नव्हती, त्यांनी मुक्त झाल्यावर आपल्या दासदासींनाही आपल्यासारखाच विसावा द्यावा, असा या दुसऱ्या कारणाचा रोख आहे.

आज तो आकडा मोबाइलवर येतो. कचेरी सुटली तरी काम सुटत नाही. घरोघरी जेवण पोहोचविणाऱ्या तरुणाचा रविवार तर त्या यंत्राच्याच हाती असतो. अशा मनुष्याला काम हे पाचारण वाटेनासे होते. वस्तुतः एदेन बागेची मशागत पतनापूर्वीच मनुष्यावर सोपविली होती. उत्पत्ति २:१५ मधील ‘अबद’ हा इब्री धातू मशागत व सेवा या दोन्ही अर्थांनी शास्त्रात येतो. तेव्हा दोष कामाचा नव्हे, विसावा हिरावण्याचा आहे.

यास्तव उपासनेस न येणाऱ्याला बोल लावण्यापूर्वी त्याची पाळी कोणती, हे आम्ही पाळकांनी व धर्मशिक्षकांनी विचारावे. आणि रविवारी दुपारी आमच्यासाठी जेवण घेऊन दारी उभा असलेल्याला विसावा केव्हा मिळतो, हेही विचारावे.