हिमालयाचा रेटा हिंगोलीपर्यंत

10 जुलै 2024 रोजी सकाळी 7 वाजून 14 मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हादरली. धक्का 4.5 तीव्रतेचा होता आणि केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांडा परिसरात. त्याच वर्षी 21 मार्चला याच तालुक्यात सकाळी सहाच्या सुमारास तेवढाच धक्का बसला होता आणि दहा-अकरा मिनिटांत त्यामागून 3.6 चा दुसरा आला होता. वसमत आणि औंढा तालुक्यांतल्या पांगरा शिंदे, वापटी, पिंपळदरी अशा गावांना तर जमिनीतून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षे ओळखीचे आहेत. आवाज झाला, पत्रे थरथरले की लोक घराबाहेर येतात आणि खाली ज्वालामुखी धुमसतोय का, ही शंका हटकून निघते.

ती भीती मनातून काढून टाकायला हवी. इथला ज्वालामुखी केव्हाच विझला. मात्र तो होता, हे खरे. औंढ्याच्या परिसरात एखादी नवी विहीर खोदताना काठावर उभे राहून बघा. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे आणि शेवटी सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. मध्येच कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा लागतो. लाव्हारसाचा एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत गेलेल्या काळात तयार झालेली ती माती आहे. औंढा नागनाथाचे मंदिर उभे आहे तेही याच काळ्या दगडात.

हा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिला, तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. ज्या तप्त ठिकाणावरून ती गेली, ते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, हिंगोलीपासून सुमारे पाच हजार किलोमीटरवर. तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. आपण मात्र पुढे निघून आलो.

पृथ्वीचे कवच सात मोठ्या आणि अनेक लहान भूपट्टांत विभागलेले आहे. भारतीय भूपट्ट त्या काळी वर्षाला 15 सेंटिमीटर किंवा त्याहूनही वेगाने उत्तरेकडे सरकत होता. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी तो युरेशियाच्या भूपट्टाला भिडला आणि मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ घड्या पडून वर उचलला गेला. तोच हिमालय. टक्कर झाली तरी चाल थांबलेली नाही. आजही हा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. म्हणजे 1993 च्या किल्लारी भूकंपापासून आतापर्यंत हिंगोली, तिच्या कयाधू नदीसह, दीड मीटर सरकली आहे.

पुढे वाट अडलेली आणि मागून रेटा चालू, अशा कोंडीत भूपट्टाच्या पोटातला खडक दाबला जातो. हिमालयाचा पायथा इथून हजार किलोमीटरवर असला तरी हा ताण दख्खनपर्यंत पोचतो. लाव्हाच्या थरांखाली अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटी खडक आहे. कोयना परिसरात त्याच्यावर बसाल्टचा, म्हणजे या काळ्या दगडाचा, 900 मीटरहून जाड थर आहे, किल्लारीला सुमारे 338 मीटर आणि पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे जावे तर ग्रॅनाइट जमिनीवरच उघडा पडलेला दिसतो. या जुन्या खडकातल्या भेगा काळ्या दगडाखाली झाकलेल्या असतात. त्यातली एखादी ताण न सोसून अचानक सरकते तेव्हा भूकंप होतो. तिचे वर काही चिन्हच नसते, म्हणून ती आधी सापडत नाही.

गूढ आवाजाचे उत्तरही इथेच आहे. धक्का अगदी लहान आणि उथळ असला की त्याच्या लहरी जमिनीतून हवेत शिरतात आणि कानाला गडगडाट ऐकू येतो. हादरा पायांना जाणवेलच असे नाही.

या लहान धक्क्यांनी ताण ओसरतो, आता मोठा धोका उरला नाही, असे समाधान काही जण करून घेतात. हिशेब तसा बसत नाही. किल्लारीच्या 6.2 तीव्रतेच्या भूकंपात मोकळी झालेली ऊर्जा 4.5 च्या धक्क्याच्या सुमारे साडेतीनशे पट होती. किल्लारीचा परिसर तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झाले, त्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. बहुतेक जण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या धाब्याखाली सापडले.

औंढ्याजवळ उभारली जाणारी लायगो-इंडिया वेधशाळाही हिंगोली जिल्ह्यातच आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांनी ती गुरुत्वीय लहरी टिपणार आहे आणि जागा ठरवताना जमिनीची शांतता हा एक महत्त्वाचा निकष होता. यात विसंगती नाही. वेधशाळेला जपायचे असते ते रोजच्या बारीक कंपनांपासून. रेल्वे, कारखाने, समुद्राच्या लाटा यांपासून ही जागा दूर आहे. कधीतरी बसणारा धक्का ही वेगळी बाब.

गावातल्या घराला मात्र तो कधीतरीचा धक्काच सोसायचा असतो. मार्च 2024 च्या धक्क्यांनंतर प्रशासनाने पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितले. सूचना साधी होती आणि अगदी योग्य. दगडाऐवजी हूक-बोल्टने पत्रा आवळता येतो. दगडी भिंत बांधताना ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घातले आणि दारा-खिडक्यांच्या वर घराभोवती सळईचा काँक्रीट पट्टा फिरवला, तर भिंतीचे दोन पदर फुटून सुटत नाहीत. हे काम गावचा गवंडी करू शकतो.