पत्त्यांच्या चार वह्या

मंडईच्या मेट्रो स्थानकातून सरकत्या जिन्याने वर येत होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. माझ्या कॉलेजचा संदेश होता. वर ठळक अक्षरांत 'प्रिय माजी विद्यार्थी', खाली क्यूआर कोड आणि त्याखाली तीन रकमा, त्यातली एक निवडायची. कॉलेजात सध्या काय चाललंय, प्राचार्य कोण आहेत, ग्रंथालयाचं गळणारं छप्पर दुरुस्त झालं का, यंदा कोणाला सुवर्णपदक मिळालं, यातलं एक अक्षर नव्हतं. माझं नावही नव्हतं. ज्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचे पत्ते मी नऊ वर्षं स्वतःच्या हाताने लिहिले, त्या कॉलेजला माझं नाव ठाऊक नाही, हे मनाला फार लागलं. टिळकांच्या पुतळ्याजवळ जाऊन बसलो आणि बराच वेळ तिथून उठवेना.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. इतर कॉलेजांत शिकलेल्या मित्रांचे फोन पाहिले तर नाव तेवढं वेगळं, बाकी संदेश हाच.

मी मंडईतला. वडिलांचा बटाट्या-कांद्याचा गाळा होता आणि घर शुक्रवार पेठेत. देणं म्हणजे काय हे मी इथेच शिकलो. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की वडील आधी मागच्या वर्षीचा अहवाल मागायचे. त्यात जमाखर्च असायचा आणि कोणी किती दिले त्याची नावं असायची. पाच रुपये देणाऱ्याचं नावही छापलेलं. आपलं नाव बोटाने शोधून, त्यावर बोट ठेवूनच ते नवी पावती फाडू द्यायचे. पैसा कशावर खर्च करावा याची गोष्टही इथलीच. मंडईच्या अष्टकोनी इमारतीला ज्यांचं नाव आहे ते जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा त्यांनी याच इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी ती रे मार्केट म्हणून उभी राहिली आणि पुढे तिलाच त्यांचं नाव दिलं गेलं. आमच्या गाळ्यावर ही गोष्ट वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शाळा चौथीपर्यंतच झाली होती त्यांची.

पुण्यातल्या शिक्षणसंस्थांचा सुरुवातीचा काळ इतक्या वेळा लिहून झालाय की मी त्यात फार रमत नाही. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन, १९१६ साली आजचं एस. पी. हे सगळ्यांना पाठ आहे. एक मात्र सांगायला हवं. त्या वेळी माजी विद्यार्थी नावाचा वर्गच नव्हता, त्यामुळे कॉलेजात शिकलेला देणगीदारही नव्हता. गोखल्यांसारखे आजीव सेवक महिना पंच्याहत्तर रुपयांवर शिकवत आणि सुट्टीत कॉलेजसाठी वर्गणी मागत गावोगाव फिरत. देणाऱ्यांपैकी अनेकांनी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अनाथ विद्यार्थी गृह १९०९ साली सुरू झालं. तिथली मुलं पेठांतल्या घरांतून माधुकरी मागून शिकली. ज्या घरातली बाई पोळी वाढायची तिला त्या मुलाचं नाव, इयत्ता आणि वार्षिक परीक्षेचा निकाल ठाऊक असे. मदत आणि खबरबात एकाच झोळीतून जात-येत होती.

मधली वर्षं मी ओलांडतो. त्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहायक समिती सुरू केली, एवढं नोंदवायलाच हवं. खेड्यातून आलेल्या मुलांना तिथे राहायला जागा मिळते आणि हाताने काम करायची सवय लागते. कमावते झाल्यावर त्यांच्यातलेच कितीतरी जण समितीचे देणगीदार होतात. आजही पुण्यात माजी विद्यार्थी आणि संस्था यांचं नातं कसं असावं असं कोणी विचारलं तर मी तिकडे बोट दाखवतो.

आता माझं दशक. १९८२ साली मी पदवी घेऊन बाहेर पडलो आणि त्याच वर्षी माजी विद्यार्थी मंडळाचा चिटणीस झालो. चिटणीस म्हणजे पत्ते लिहिणारा. मंडळाजवळ चार जाड वह्या होत्या, काळ्या पुठ्ठ्याच्या, कडेला लाल कापड. त्या कॉलेजच्या हेडक्लार्कनी, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांनी, वीस वर्षं खपून तयार केल्या होत्या. जनरल रजिस्टरवरून नाव, मग गावचा पत्ता, तो खोडून नोकरीचा पत्ता, तोही खोडून बदलीचा. मुलींच्या नावापुढे लग्नानंतरचं नाव हिरव्या शाईने. कोणी वारलं की नावाभोवती पेन्सिलीने चौकट, कारण शाईने चौकट करायला त्यांचा हात धजत नसे.

दर तीन महिन्यांनी आम्ही चार पानी पत्रक काढायचो. स्टेन्सिल भाऊसाहेब कापायचे आणि सायक्लोस्टाइल मी फिरवायचो. गाळा बंद झाल्यावर रात्री मंडईतच पोत्यांवर बसून घड्या घालायचो. आईने मैद्याची खळ करून दिलेली असायची, त्याने पट्ट्या चिकटवायच्या. सकाळी गठ्ठे सायकलला बांधून लक्ष्मी रस्त्यावर सिटी पोस्टात, बुकपोस्टाने. बोटांची शाई दोन दिवस जात नसे आणि गाळ्यावर गिऱ्हाईक माझ्या हातांकडे बघत राहायचं.

त्या पत्रकात काय असायचं? प्रयोगशाळेत नवा तराजू आला. वसतिगृहाचा नळ दुरुस्त झाला. पुरुषोत्तम करंडकात आपल्या कॉलेजची एकांकिका अंतिम फेरीत गेली. मराठीचे सर निवृत्त झाले, त्यांचा नवा पत्ता असा. पैशांचं आवाहन बहुतेक वेळा नसायचंच. शेवटच्या पानावर मागच्या तिमाहीत आलेल्या रकमा आणि नावं असत, पाच रुपयांपासून.

आणि मनीऑर्डरी यायच्या. आजच्या मुलांना मनीऑर्डर सांगावी लागते. फॉर्मच्या खाली मजकुराची एक छोटी पट्टी असे. पोस्टमन पैसे द्यायचा आणि ती पट्टी फाडून हातात ठेवायचा. मराठवाड्यातल्या एका शाळामास्तरांची एकवीस रुपयांची मनीऑर्डर आली. पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वसतिगृहाच्या नळाजवळची चिंच अजून आहे का ते कळवावे. पुढच्या पत्रकात आम्ही छापलं, चिंच आहे, यंदा खूप लागल्या. त्यानंतर पुढच्या प्रत्येक वर्षी त्यांचे एकवीस रुपये आले आणि त्यांच्या तालुक्यातून तीन मुलं आमच्या कॉलेजात आली. एकदा आम्ही एवढंच छापलं की प्रयोगशाळेतले शिपाईमामा आजारी असून ससूनमध्ये आहेत. मागणी केली नव्हती. दोन आठवड्यांत इतक्या मनीऑर्डरी आल्या की पोस्टमन भाऊसाहेबांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

माझे वडील कधी कॉलेजची पायरी चढले नाहीत, पण पत्रक माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि दसऱ्याला अकरा रुपये द्यायचे. नाव छापून आलं की बोट ठेवायचे.

ते दशकच पुण्यातल्या शतकोत्सवांचं होतं. १९८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १९८३ साली नूतन मराठी, १९८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १९८५ साली फर्ग्युसन. पांढऱ्या केसांचे लोक जुन्या बाकांवर बसताना दिसले की आम्हाला वाटायचं, हे असंच चालणार. तिकडे १९८३ पासून विनाअनुदानित कॉलेजांना परवानग्या मिळू लागल्या होत्या, शिक्षणात वेगळा पैसा येत होता. त्याचा आमच्या पत्रकाशी संबंध असेल असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

संबंध १९९१ साली कळला. व्यवस्थापनातले एक नवे सभासद बैठकीत म्हणाले की पाच-अकरा रुपये देणाऱ्यांवर टपालखर्च कशाला, मोठ्या पन्नास-साठ देणगीदारांची यादी करा आणि त्यांनाच गुळगुळीत कागदावर छापून पाठवा. मी विरोध केला. भाऊसाहेब काही बोलले नाहीत, त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. ठराव झाला. गुळगुळीत अंक दोन निघाले, तिसरा निघालाच नाही. त्या गृहस्थांबद्दल इतकी वर्षं मी लिहिलं नाही, आज लिहितो. त्यांनी टपालखर्च वाचवला आणि हजार घरांतून कॉलेज काढून टाकलं. ज्यांना ते किरकोळ म्हणाले त्यांच्यातलेच काही पुढे कारखानदार झाले, दोघे परदेशात मोठ्या हुद्द्यांवर पोहोचले. त्यांनी इतर संस्थांना भरभरून दिलं. आम्हाला कशाला देतील? आम्ही त्यांना चिंचेची खबर देणं थांबवलं होतं.

नंतरचं थोडक्यात. १९९४ साली कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था आली आणि पुढे तिच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हाही एक मुद्दा झाला. नोंदणीकृत संघटना आहे का, त्यांच्याकडून किती लाख आले, हे विचारलं जाऊ लागलं. विचारण्यात चूक नाही. पण कितीतरी ठिकाणी मूल्यांकन तोंडावर आलं की संघटना नोंदवली जाते, एक मेळावा होतो, फोटो निघतात आणि फाइल बंद होते. २०१५ साली टपाल खात्याने जुनी मनीऑर्डर बंद केली आणि मजकुराची पट्टीही गेली. आता आयकराच्या नव्या करप्रणालीत देणगीची वजावट मिळत नाही, तरी संदेशाच्या तळाशी 'करसवलत उपलब्ध' हे असतंच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मुलाकडून देणगी घ्यायची तर संस्थेला परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० पासून दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. लहान संस्थेला हे झेपत नाही आणि त्या मुलाला हे कोणी समजावूनही सांगत नाही. तो दोनदा विचारतो आणि गप्प बसतो.

२०२३ साली नंदन निलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले आणि त्याच वर्षी तिथल्या १९९८ च्या तुकडीने मिळून ५७ कोटी. ते आकडे आमच्या पेठेतल्या कॉलेजांना दाखवून काय उपयोग? पण त्यामागची गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या संस्थेने आपल्या मुलांचा माग कधी सोडला नाही.

माणसं बदलली, कोणाला आस्था उरली नाही, असं म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. आमच्या तुकडीचा व्हॉट्सअ‍ॅप गट रात्री बारापर्यंत जागा असतो. पुरुषोत्तमच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराच्या दारात जाऊन उभे राहा. 'आवाज कुणाचा' म्हटल्यावर साठीच्या माणसाच्या गळ्यातूनही कॉलेजचं नाव निघतं. १९२८ पासून चालत आलेला सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा रेगाटा, म्हणजे नदीवरचा होड्यांचा सोहळा, बघायला जुने विद्यार्थी नातवंडांना घेऊन नदीकाठी येतात. आजची मुलं काय करतात हे समोर दिसलं की हात आपोआप खिशाकडे जातो. आमचा तो व्हॉट्सअ‍ॅप गट मात्र आमच्याच आठवणींवर चालतो. कॉलेजात आज शिकणाऱ्या एकाही मुलाचं नाव आम्हाला माहीत नाही.

तो संदेश आल्यावर मी कॉलेजात जाऊन वह्यांची चौकशी केली. कार्यालयातली मुलगी फार भली होती. तिने उठून दोन कपाटं शोधली, कोणाला तरी फोन केला. नूतनीकरणाच्या वेळी जुन्या कागदांचं निर्लेखन झालं, त्यात गेल्या असतील, असं तिने हळू आवाजात सांगितलं. चारही वह्या. हिरव्या शाईतली नावं आणि पेन्सिलीच्या चौकटी. भाऊसाहेब आता नाहीत, त्यांना हे ऐकावं लागलं नाही.

आम्ही सहाजणांनी नवी वही घातली आहे. दर रविवारी सकाळी आठला मंडईत टिळक पुतळ्यापाशी बसतो आणि आठवतील ती नावं, सापडतील ते पत्ते आणि फोन लिहून काढतो. कॉलेजला आमचं सांगणं आहे की वही पुरी झाली की ती घ्या, पण पहिलं वर्षभर तिच्यातल्या कोणाकडे एक रुपयाही मागू नका. दर तीन महिन्यांनी फक्त बातम्या पाठवा आणि कोणी काही विचारलं तर उत्तर द्या. आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर आपल्या कॉलेजचं एखादं जुनं पत्रक, पावती किंवा तुकडीची यादी पडली असेल तर ती रद्दीत घालू नका. त्या कॉलेजात स्वतः नेऊन द्या आणि पोच मागा.