गाडीच्या एसीचा गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल लागला की जळगाव-धुळ्यातल्या गॅरेजांपुढे एसीवाल्या गाड्या उभ्या राहू लागतात. पारा 44-45 ला टेकलेला असतो आणि मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं, "गॅस संपलाय, भरून द्या."

हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. आतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून तो पुन्हा द्रव होतो. रबरी पाइप आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, तेवढं चालायचंच. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर आधी गळती शोधायला सांगा.

सगळ्यात महागात पडतो तो "गॅस कुठलाही चालतो" हा समज. जुन्या गाड्यांत आर-12 असायचा. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून 1 जानेवारी 2003 पासून नव्या गाड्यांच्या एसीत त्याला भारतात बंदी आली आणि आर-134ए रुळला. दोघांचं काम एकच, तेल मात्र वेगळं. आर-12 बरोबर फिरणारं खनिज तेल आर-134ए मध्ये मिसळत नाही. नुसता गॅस बदलला तर तेल वाटेतच अडकतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि एक दिवस जाम होतो. जुनी गाडी हौसेने जपणाऱ्यांनी तेल, ड्रायर आणि सीलही बदलून घ्यावेत. घरच्या एसीतला आर-410ए तर गाडीत नकोच. 45 अंशांना त्याचा दाब आर-134ए च्या दुपटीहून जास्त असतो. आणि स्वयंपाकाचा गॅस? कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे असते. ती गळली तर पेटणारा वायू थेट मुलाबाळांच्या अंगावर येतो. स्वस्त पडतो म्हणून हा धोका कुणीही पत्करू नये.

"गेजवर प्रेशर बरोबर आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे," हेही खरं नाही. एसी बंद असताना गेज फक्त तापमान सांगतं. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी 45 अंशांना काटा 150 पीएसआयच्या आसपासच दिसणार, गॅस पूर्ण असो वा निम्मा. म्हणून गॅस वजनावर भरायचा. किती ग्रॅम आणि कोणता, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरल्याने दाब वाढतो आणि थंडावा उलट कमी होतो.

आर-134ए च्या जागी नवा आर-1234वायएफ आला, पण तो जास्त गार करतो म्हणून नव्हे. युरोपात 2017 पासून सगळ्या नव्या गाड्यांना आर-134ए बंद झाला, तो हवामानासाठी. एक किलो आर-134ए शंभर वर्षांत सुमारे 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. छोट्या गाडीतला 450 ग्रॅम हवेत सोडणं म्हणजे जवळपास 280 लिटर पेट्रोल जाळण्यासारखं. व्हॉल्व्ह ढिला करून तो फुस्सकन सोडून देताना पाहिला की जीव हळहळतो. मशीनने काढून घेता येतो. भारतात आर-134ए सारख्या वायूंच्या वापरात पहिली 10 टक्के कपात 2032 पर्यंत व्हायची आहे, त्यामुळे चालू गाडीचा गॅस आत्ताच बदलायचं कारण नाही.

गॅरेजला जाण्याआधी पुढच्या जाळीतून कंडेन्सर पाहा. हायवेची धूळ आणि किडे त्यावर थापलेले असतील, तर पाण्याच्या साध्या धारेने धुवा आणि पंखा फिरतो का ते बघा. जोराचा फवारा मारू नका, पत्र्या वाकतात.