तुडतुडा कोणता? पायावरचा काटा पाहा!

परतूरच्या शिवारात कुणालाही विचारा, तुडतुडे त्याच्या ओळखीचे असतात. कपाशीवर तुडतुडे, ज्वारीवर तुडतुडे. भंडारा-गोंदियाकडचा पाहुणा आला तर तोही सांगेल, आमच्या भातावर तुडतुडे! हात लावताच टुणकन उडणाऱ्या बारीक किड्यांना आपण हे एकच नाव देऊन टाकले आहे. नाव झकास आहे, पण त्याने घोटाळा होतो. कपाशीचा आणि ज्वारीचा तुडतुडा ही एका घरची भावंडे नव्हेत.

कपाशीचा तुडतुडा फिकट हिरवा असतो. त्याच्या पुढच्या दोन्ही पंखांवर, मागच्या बाजूला, एकेक काळा ठिपका दिसतो. तो पानाचा रस शोषतो, मग पानाच्या कडा वळतात व तांबूस होतात. ज्वारीचा तुडतुडा पिवळसर तपकिरी, जेमतेम चार मिलिमीटरचा. तो पोंग्यात दडून बसतो, आणि मादी पानाच्या मधल्या शिरेत अंडी घालते. त्याच्या अंगातून गोड पाझर पडतो. शेतकरी म्हणतात, 'चिकटा पडला.' त्यावर काळी बुरशी वाढते, मुंग्या जमतात. पट्टे पाडणारा विषाणूही हाच किडा एका ताटावरून दुसऱ्या ताटावर नेतो. अॅशमीड यांनी १८९० मध्ये त्याचे वर्णन केले. आज त्याला पेरेग्रिनस मैडिस म्हणतात.

आता ओळखायचे कसे? रंगावर जाऊ नका. एकाच जातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही किडे असतात, आणि पिल्लांना तर पंखच नसतात. तिरक्या चालीवरही जाऊ नका. दोघेही पानाआड बाजूला सरकतात.

त्यापेक्षा एक भिंग घ्या. २.५ सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग सुमारे १० पट मोठे दाखवते (२५ भागिले २.५, एवढे भौतिकशास्त्र मी मधे आणणारच). पांढऱ्या कागदावर ताट झटका आणि पडलेल्या किड्याचा मागचा पाय पाहा. नडगीच्या टोकाशी, पावलाच्या सुरुवातीला, एक मोठा हलणारा काटा दिसला, तर तो ज्वारीच्या तुडतुड्याच्या कुळातला. कपाशीवाल्याला तसा काटा नसतो. त्याच्या नडगीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात. मग डोके पाहा. ज्वारीवाल्याच्या मिशा डोळ्याच्या खालून, गालातून निघतात. कपाशीवाल्याच्या दोन डोळ्यांच्या मधून.

उसावरची पाकोळी, म्हणजे पायरिला, इथे फसवते. तिच्याही मिशा डोळ्याखालीच असतात. पण ती गवती रंगाची, चोचीसारखे डोके पुढे आलेली, आणि तिच्या पिल्लांना पिसासारख्या दोन शेपट्या असतात. हलणारा काटा तिला नाही.

एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. हवाई बेटांवरच्या उसाचे उदाहरण घ्या. १९०० च्या सुमारास तिथे एका काटेवाल्या तुडतुड्याने उसाची धूळधाण मांडली. किर्काल्डी यांनी १९०३ मध्ये त्याला नाव दिले. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा, हे उमगल्यावर पर्किन्स व कोबेले १९०४ मध्ये त्याचे शत्रू शोधायला तिकडेच गेले. पुढे १९२० मध्ये म्यूर यांनी तुडतुड्याची अंडी शोषणारा एक ढेकूण हवाईत आणला आणि साथ आटोक्यात आली. किड्याचे घर चुकीचे समजले असते, तर हा ढेकूण कुणाला सापडता?

काट्यावरून कूळ कळते, जात नाही. भातावरचा तपकिरी तुडतुडा आणि पांढऱ्या पाठीचा तुडतुडा हे दोघेही काटेवालेच. त्यांतल्या तपकिरीच्या मागच्या पावलाच्या पहिल्या पेरावर आणखी बारीक काटे असतात. पांढऱ्या पाठीच्याला ते नसतात. जवळच्या जातींचा निवाडा मात्र नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांना नमुने दाखवायचे असतील, तर आठ-दहा किडे घ्या, म्हणजे त्यांत नर येतील. ते ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवा. गाव, पीक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आतच टाका, पण ती पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.